शाळेबाहेर गेलेला टॅब

‘संशोधन’ हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं तापतं. मी नाशिकच्या एका अध्यापक महाविद्यालयात शिकवते. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विद्यापीठाला आमच्याकडच्या शाळांत मुलं टॅबवर कशी शिकतात ते तपासायचं होतं. इथलं कुणीतरी हवं म्हणून त्यांनी मला सामील करून घेतलं. मी अशी हुरळले की कॉलेजात पेढे वाटले.

माझ्या वाट्याला पेठ तालुक्यातली एक लहान शाळा आली. कुठला टॅब कुठे आहे, कुठला धडा किती वेळ चालला, हे सगळं त्या लोकांना तिकडे बसून पडद्यावर दिसे. दिवाळी झाली की त्या गावातली निम्मी घरं पिंपळगावकडे द्राक्षबागांवर कामाला जातात आणि मुलं बरोबर नेतात, हे मात्र दिसत नसे. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. आमच्या आराखड्यात त्याचा उल्लेख नव्हता, आणि तो आराखडा वाचून मी मान डोलावली होती.

शाळेतल्या बाई मूळच्या देवळ्याकडच्या, हिशेबी डोक्याच्या. बागेवर निघालेल्या मुलांत सातवीतली एक मुलगी सगळ्यांत मोठी होती. बाईंनी एक टॅब तिच्या हवाली केला आणि बरोबरच्या पाच लहानग्यांना रोज शिकवायला सांगितलं. रजिस्टरात तशी नोंद करून मुलीच्या आईचा अंगठाही घेतला. चोरून काहीच केलं नाही, आणि तेच त्यांना भोवलं.

आठवड्याभरात मला मेल आला. टॅब शाळेपासून लांब दिसतोय, चोरीला गेला आहे का?

मी बागेवर गेले. दुपार होती, मोठी माणसं घड विरळत होती. पॅकहाउसच्या भिंतीच्या सावलीत त्या मुलीने एक क्रेट पालथा घालून त्यावर टॅब टेकवला होता आणि पुढ्यात पाच मुलं बसली होती. टॅबमधल्या बाई छापील मराठीत भागाकार समजावत होत्या. ही दर दोन वाक्यांनी त्यांना थांबवायची, तेच आपल्या बोलीत सांगायची, एकेकाला विचारायची आणि मगच पुढे जायची. गावात रेंजसाठी टेकडी चढावी लागते, इथे ती भरपूर होती. मी तासभर बसून होते. वीस वर्षं भावी शिक्षकांना जे घसा कोरडा करून सांगते, ते ही पोर कुणी न शिकवता करत होती.

मी चार पानी टिपण पाठवलं. ऑनलाइन बैठकीत प्रमुख संशोधक म्हणाले, “तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे.” असं कुणी म्हणालं की आपलं कुणी ऐकणार नाही, हे मला तेव्हा कळलं. शाळेबाहेरचा वापर नियमात बसत नाही, तो वगळायचा. टॅब शाळेत परत आला नाही तर अख्खी शाळाच अभ्यासातून काढावी लागेल आणि सगळे टॅब परत घ्यावे लागतील. मी संतापून शेजारच्या गावातल्या शाळेचं सांगितलं. तिथे टॅब कपाटात कुलूपबंद असतात आणि वापर दिसावा म्हणून आत व्हिडिओ चालू ठेवलेले असतात. ते म्हणाले, ते तपासू, पण निदान टॅब शाळेत तरी आहेत!

मी बाईंना फोन केला.

“मॅडम, टॅब शाळेत पाहिजे का पोरं शिकायला पाहिजेत? एकदा काय ते ठरवा.”

“सगळेच टॅब जातील हो, बाई. गावात राहिलेल्या मुलांचे पण.”

त्या म्हणाल्या, “मग तुम्हीच आणा जाऊन. माझ्याच्यानं नाय व्हायचं.”

मीच गेले. मुलीची आई बागेतून हात पुसत धावत आली. “पोरीनं काय फोडलं का, मॅडम?”

“नाही हो. छान वापरलाय.”

“मंग का नेता?”

“नियम आहे,” मी म्हणाले. माझी मलाच लाज वाटली.

मुलीने ओढणीने काच पुसली, चार्जरची वायर नीट गुंडाळली आणि टॅब पुढे केला. मग हात आखडून म्हणाली, “बारक्यांचा धडा थोडाच राहिलाय. तेवढा करू द्या, मंग न्या.”

मी क्रेटशेजारी खाली बसले. तिने धडा पुरा केला. पाचही जणांना प्रश्न विचारले आणि एकाचं चुकलं तिथे मागे जाऊन पुन्हा दाखवलं. मग टॅब बंद करून माझ्या मांडीवर ठेवला.

शोधनिबंध छापून आला आहे, त्यात माझं नाव तिसरं आहे. सुटीनंतर गावाबाहेर गेलेल्या मुलांनी टॅब वापरणं सोडलं, असं त्यात म्हटलंय. मुलांची नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत. तिचा क्रमांक मला पाठ आहे. बागेवरच्या त्या सगळ्या दिवसांपुढे तिथे शून्य आहे, आणि ते तक्त्यात मी माझ्या हाताने भरलं आहे.