कमरेला बांधलेलं किटकॅट

आजही कुठे पाण्याची मोटर दुरुस्त होताना दिसली की माझे पाय आपोआप थांबतात आणि ती घटना पुन्हा डोळ्यांपुढे येते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण जिवाला एवढा घोर दुसऱ्या कुठल्याच तपासाने लावला नाही.

नागपूरच्या दक्षिण टोकाच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. हुडकेश्वरच्या पुढे घरं विरळ होत शेतं लागतात, तो आमचा भाग. सकाळची हजेरी आटोपून मी बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एका बाईचा आवाज चढला. अंमलदार तिला सांगत होता, "अवं बाई, मोठा माणूस आहे तो. येईल घरी. जरा वाट पाह्य." हे वाक्य प्रत्येक ठाण्यात रोज म्हटलं जातं आणि बहुतेक वेळा खरंही ठरतं. म्हणूनच ते घातक आहे.

मी तिला आत बोलावलं. तिचा नवरा मासे पाळण्याच्या एका खाजगी तळ्यावर कामाला होता, तिथल्याच खोलीत राहायचा. रोज संध्याकाळी घरी फोन करायचा. परवापासून फोन बंद. तळ्यावरच्या मॅनेजरला विचारलं तर तो म्हणे, दारू पिऊन भांडला आणि गेला निघून.

"दारू तं तो पेतच नाही जी," ती म्हणाली. "लय भेकड माणूस हाय. तळ्यातली मोटर साफ कराले उतरते तं बोर्डावरचं किटकॅट काढून कमरेले बांधते. मले हासू येते त्याचं. असा माणूस भांडण करन काय?"

किटकॅट म्हणजे बोर्डावरचा चिनी मातीचा फ्यूज. तो काढला की करंट बंद, आणि जवळ ठेवला की चुकूनही कोणी चालू करू शकत नाही. मी नुसती मान डोलावली, कारण पुढचं बोलताना तिचा आवाज एकदम खाली गेला होता.

"साहेब, तिथले मासे कोंबडीचं सारं खातेत. हाडं बी ठेवत नाहीत. त्याले तळ्यात तं नाही ना टाकलं?"

मी अंमलदाराला मिसिंगची नोंद घ्यायला लावली आणि तिला चहा सांगितला. तिने कपाला हात लावला नाही.

त्याच दुपारी आमच्या हवालदाराच्या खबऱ्याचा फोन आला. हा पठ्ठ्या चिकनच्या दुकानांमधली आतडी-पिसं टेम्पोतून त्याच तळ्यावर पोचवायचा. त्याची खबर अशी, की गेटावर पाटी रोहू-कतल्याची असली तरी तळ्यात मांगूर आहे. मूळचा आफ्रिकेतला हा मासा बाजारात थाई मांगूर म्हणून विकतात. तो पाळायला आपल्याकडे बंदी आहे, कारण तो बाकीच्या माशांना खाऊन टाकतो आणि घाणीतच वाढवला जातो. "अन् परवापासून मॅनेजर कोणाले आत येऊ देऊन नाही राहिला," खबऱ्या म्हणाला. "टेम्पो गेटावरच खाली कराले लावते."

बंदीचा मासा आणि बेपत्ता माणूस एकाच कुंपणात, हे काही मला बरं वाटेना. लगेच निघालो.

पत्र्याचं कुंपण, त्यावर हिरवी जाळी, आणि वास असा की हवालदाराने नाकाला लावलेला रुमाल परत येईपर्यंत काढला नाही. कामगार अनवाणी होते. पायांची बोटं पाण्याने कुजलेली, हातांना माशाचे काटे घुसून जखमा झालेल्या, त्यात हळद भरलेली. हातमोजे, बूट देत नाहीत का, असं विचारलं तर एक जण मॅनेजरकडे बघत म्हणाला, "गमबूट मांगितले व्हते जी. मॅनेजर म्हणे, बूट पाहून मासे का सलाम ठोकतीन?" बाकीचे हसले. पण बेपत्ता माणसाचं नाव काढलं आणि सगळे पाठ फिरवून कामाला लागले.

हे मासे श्वास घ्यायला वर येतात. काळ्या पाण्यावर मिशा दिसायच्या, बुडबुडा फुटायचा आणि मी पुन्हा तिकडेच बघायचो. बाईचा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी पंच बोलावले आणि तळं उपसायला सांगितलं. हवालदार मोटर सुरू करायला बोर्डापाशी गेला आणि तिथूनच ओरडला, "साहेब, इथं किटकॅटच नाही! वायर डायरेक्ट जोडली आहे!"

मी जाऊन पाहिलं. किटकॅटच्या जागी उघड्या तारेचा पीळ दिलेला होता. भांडून जाणारा माणूस आपले कपडे नेईल, राग असेल तर दुसऱ्याचेही नेईल. पण मालकाचं किटकॅट कशाला नेईल? तो पाण्यातून आपल्या पायांनी बाहेर आलेला नव्हता, एवढं मला कळलं.

मॅनेजरला ठाण्यात आणला. पठ्ठ्याने न विचारताच मांगूरची कबुली दिली. "चूक झाली साहेब, मासा बंदीचा आहे. करा कारवाई." लहान गुन्हा एवढ्या आनंदाने कबूल करणारा माणूस मोठा गुन्हा पोटात दाबून बसलेला असतो, हा माझा अनुभव. मी माशांबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "किटकॅट कोणाच्या कमरेला आहे?"

खुर्चीचे हात घट्ट धरून तो एकदम बोलला, "जित्ता हाय साहेब! मी मारलं नाही त्याले!"

मग सगळं बाहेर आलं. मासे न्यायला गाडी यायची होती, त्यासाठी तळं उपसणं चाललं होतं. पिसं अडकून मोटर थांबली. बाईच्या नवऱ्याने किटकॅट काढून कमरेला बांधलं आणि तो पाण्यात उतरला. कोणाला सांगितलं नाही, कारण तशी तिथली रीतच होती. जो पाण्यात, किटकॅट त्याच्याजवळ. गाडीच्या घाईत मॅनेजरने बंद मोटर पाहिली, बोर्ड रिकामा पाहिला, तळ्याकडे मात्र पाहिलं नाही. तार पिळून करंट चालू केला. किंकाळी ऐकून बंद केला. दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील आणि मासे उघडे पडतील, म्हणून मालकाने जखमी माणसाला नरखेड तालुक्यातल्या आपल्या संत्र्याच्या बागेत नेऊन टाकलं. कोणी एक बिनपदवीचा झोलाछाप डॉक्टर तिथे सलाइन लावत होता.

ॲम्ब्युलन्सला पुढे यायला कळवून आम्ही निघालो. बाई ऐकेनाच, गाडीत येऊन बसली. वाटभर एकच विचारायची, "बोलते ना जी तो? मॅनेजर काय म्हणाला, बोलते म्हणाला ना?" मला ठाऊक नव्हतं. मी ड्रायव्हरवर उगाच डाफरत होतो.

बागेतल्या पंपाच्या खोलीत तो खाटेवर पडला होता. अंग तापाने फणफणलेलं. उजवा पंजा करंटने भाजलेला, त्यात तळ्याचं सडकं पाणी गेलेलं, हात कोपरापर्यंत काळा पडलेला. बाई त्याच्या छातीवर पडून हमसून रडायला लागली. त्याने डोळे उघडले, तिला ओळखलं. मग माझी वर्दी पाहिली आणि डाव्या हाताने कमर चाचपली. गमछ्याच्या गाठीत ते तसंच होतं.

"साहेब, किटकॅट माह्यापाशीच व्हतं," तो म्हणाला. "मंग करंट आला कुठून?"

तो वाचला. हात गेला. मालक आणि मॅनेजर दोघांना अटक झाली. पंचनामा करून गमछा आणि किटकॅट मुद्देमालात घेतलं, तेव्हा बाईने ते पुडकं लवकर सोडलंच नाही. म्हणाली, "न्या. पण लिहा जी का यानं आपलं काम बराबर केलं व्हतं." पंचनाम्यात असं वाक्य बसत नाही. दोषारोपपत्रात मी ते माझ्या भाषेत बसवलं.

पुढे तळ्यातले मासे नष्ट केले, त्याची मोठी बातमी झाली. जो तो मला माशाबद्दल विचारायचा. केवढा होता, काय खायचा, आपल्या ताटात तर नाही ना आला? माणसाचा हात गेला हे कोणी विचारेना आणि मी मनातल्या मनात चडफडायचो.

आता निवृत्त आहे. परवा अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीतली मोटर काढायला माणूस आला. मी किटकॅट काढून त्याच्या हातात दिलं आणि खुर्ची घेऊन बोर्डासमोर बसलो. किटकॅट जवळ ठेवण्यात त्या बिचाऱ्याने काहीच कसूर केली नव्हती. बोर्डापाशी फक्त कोणी बसलेलं नव्हतं.

"रिटायर झाले, तरी पहारा काही सुटत नाही यांचा," बायको आतून म्हणाली.

म्हणू दे. तो माणूस टाकीतून वर आला, दोन्ही हात पुसत माझ्यापुढे आला, तेव्हाच मी उठलो.