पडद्याच्या मागून पाहिलेला तलवारवाला

ये, अशी जवळ येऊन बस. कागदावरून का होईना, पण बस. सख्ख्या आतेबहिणीच्या लग्नाला आली नाहीस, ऑफिसात सुट्टी नाही म्हणालीस, आणि आता फोनवर मला विचारतेस, "आत्या, बाबा लग्नाला येणार नव्हते म्हणे, ते कशावरून?" चालता चालता फोनवर सांगायची गोष्ट आहे का ती? तुझ्या आईला विचारलंस तर ती म्हणाली, "एका गोऱ्या नटावरून." खोटं नाही बोलली ती. पण तेवढ्याने कुणाला काही कळायचं नाही, म्हणून सगळं लिहून काढते.

तुझे बाबा म्हणजे माझा दादा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. जन्माचा डावखुरा. शाळेत गुरुजी त्याच्या डाव्या हातावर छडी मारायचे आणि घरी आई उलथनं. दोघांनी मिळून त्याचा जेवायचा हात तेवढा उजवा केला. बाकी सगळं डावंच राहिलं. पुढे एसटीत कंडक्टर झाला तेव्हाही तिकिटाला भोक पाडायचा ते डाव्या हातानेच.

मी आठ वर्षांची असताना कळवणजवळच्या आमच्या गावात जत्रेला तंबूतला सिनेमा आला. हिंदी सिनेमाच्या रिळांची पेटी यायची होती, ती आलीच नाही. मालकाकडे एक जुना इंग्रजी होता, तलवारबाजीचा, तोच त्याने लावला. लोकांनी आधी त्याच्या आईबापांचा उद्धार केला, पण तलवारी बाहेर निघाल्यावर सगळे गप्प बसले. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, मालकालाही नाही. तरी तो भोंग्यावरून सांगत होता, "आता हा जिना चढतोय. आता ह्याला राग आलाय. ही बाई अजून त्याची नाय, पण होईल."

पडद्याच्या पुढे तिकीटवाले बसायचे. आम्ही पोरं पडद्याच्या मागे, पोत्यावर. पडदा पातळ, मागूनही चित्र चांगलं दिसायचं. फक्त उजवं ते डावं दिसतं, हे आम्हाला कोण सांगणार? आपल्या गावातलं काही असतं तर लगेच ओळखलं असतं. गोऱ्यांच्या वाड्याला जिना कुठल्या हाताला असतो, ते आम्हाला काय माहीत.

तो नट उंच, ओठावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक मिशी, आणि हसत हसत लढायचा. दादाने माझं कोपर धरलं. म्हणाला, "बघ. डावा हात."

तंबू अकरा दिवस होता. दादा अकराही दिवस पोत्यावर. जत्रा उठल्यावर गुरुजींनी छडी उगारली तेव्हा हा म्हणाला, "गुरुजी, साहेबाच्या मुलखात डाव्या हातानं राज्य वाचवत्यात." त्या दिवशी दोन छड्या जास्त मिळाल्या. पण हात काही त्याने बदलला नाही.

मला बघायला आमचे मिस्टर आले तेव्हाची गंमत तुला ठाऊकच असेल. मला त्यांनी नाव विचारलं आणि पोहे चांगले झालेत म्हणाले. मग दादाशी बोलत बसले ते तासभर, त्याच नटाबद्दल. मिस्टर नाशिकचे, रविवारी सकाळचे इंग्रजी सिनेमे बघत वाढलेले. दोघांनाही काय काय माहीत होतं! त्या नटाला तलवार मुळात येतच नव्हती, सिनेमापुरती शिकवली. दरवेळी मरणारा जो खलनायक, तो खरा पट्टीचा तलवारबाज होता, पण मरायचे पैसे घेतलेले म्हणून मरायचा. नायिकेचा घोडा पुढे दुसऱ्याच एका नटाकडे गेला आणि नायिकेपेक्षा जास्त नावारूपाला आला. एकच दगडी जिना तीन सिनेमांत वापरला, फक्त पडदे बदलले. आमचे वडील शेवटी म्हणाले, "पोरगी पसंत हाय का घोडा?" तेव्हा कुठे माझं लग्न ठरलं.

हाताचा विषय त्यांच्यात निघायचा, पण भांडणापर्यंत जायचा नाही. दादाच्या पत्र्याच्या पेटीत रद्दीतून आणलेली कात्रणं होती, त्यात तो नट उजव्या हातात तलवार घेऊन उभा. दादा म्हणायचा, "छापखान्यात फोटो उलटा पडतो." मिस्टरांना वाटायचं, मेहुण्याची एक लहर आहे, असू दे.

लग्नानंतर मिस्टरांनी मला एका रविवारी तोच सिनेमा दाखवायला नेलं. नट जिन्यावरून उतरला तो भलत्याच बाजूने. आणि तलवार उजव्या हातात. मी पोतं आठवलं, पडदा आठवला आणि मला सगळं कळलं. इंटरव्हलला मी बटाटावडा खाल्ला. दादाला मी काहीही सांगितलं नाही. पुढची चाळीस वर्षं नाही.

आता चूक कुठे झाली ते ऐक. गेल्या वर्षी धाकटीचा साखरपुडा ठरला. चार दिवस आधी मी अक्षतांच्या तांदळाला कुंकू चोळत बसले होते, मिस्टर समोर बसून सुपाऱ्या मोजत होते. बोलता बोलता मी त्यांना पडद्यामागचं सगळं सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मी म्हटलं, "दादासमोर बोलायचं नाही हं." ते म्हणाले, "छे!"

साखरपुड्याला व्याही मंडळी जेवायला बसली होती. दादा आग्रह करत फिरत होता, वाढत होता डाव्या हाताने. व्याही सहज म्हणाले, "मामा डावरे दिसतात." दादाने हौसेने नटाचं सांगितलं. आणि आमच्या मिस्टरांनी जिलबी खाली ठेवून भर पंक्तीत म्हटलं, "अहो, हे पडद्याच्या मागे बसले होते! जन्मभर उलटा सिनेमा डोक्यात घेऊन फिरताहेत!"

पंगत हसली. दादाही हसला. मग हातातलं ताट त्याने तुझ्या आईकडे दिलं, चपला घातल्या आणि तिला म्हणाला, "चल, गाडी भेटायची नाय." जाताना मला एवढंच म्हणाला, "मामा दुसरा बघा."

दुसरा कुठून बघू? आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे मामा उभा राहतो, हातात तलवार, टोकाला लिंबू खोचलेलं. मला भाऊ एकच. चुलत, मावस पुष्कळ आहेत, पण माझ्या लेकीच्या मागे दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघवलं नसतं. धाकटी तर म्हणाली, "मामा नसेल तर रजिस्टर करू." मिस्टर म्हणाले, "एवढं काय बोललो मी?" मी त्यांच्याशी तीन दिवस फक्त भाजीबद्दल बोलले.

पहिली पत्रिका मामाला, आणि तीही हातात द्यायची असते. मी मिस्टरांना एसटीत घातलं आणि कळवणला निघाले. वाटेत त्यांना पढवत होते. रुसलेल्या माणसाच्या घरी मनवायला गेलं की आधी पाणी घ्यायचं नाही. त्याने हो म्हटलं की मगच पाणी. त्या तांब्याचं दडपण घरातल्या माणसावर येतं. मिस्टर म्हणाले, "माहीत आहे मला. लहान आहे का मी?"

एप्रिलचं ऊन. स्टँडवरून चालत गेलो. वहिनीने, म्हणजे तुझ्या आईने, तांब्या पुढे केला. मिस्टरांनी तो घेतला, वर धरला आणि घटाघटा रिकामा केला.

तुझी आई म्हणाली, "दाजी, आता घसा वला झालाय, तर बोला."

मिस्टर म्हणाले, "पत्रिका आणली आहे."

दादा खाटेवर बसला होता. पत्रिकेकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला कधीपासनं माहीत होतं?"

"लग्न झालं त्याच वर्षी कळलं."

"आन् मला आत्ता, व्याह्यांच्या पंगतीत." मग म्हणाला, "दाजींचं मला काय नाय. त्यांचं तोंडच तसं हाय, लग्नात बघूनच घेतलं व्हतं. पण तू माझ्या शेजारी बसली व्हतीस, त्याच पोत्यावर. सांगायचं तर आधी मला सांगायचं."

इतके दिवस मी सगळा दोष मिस्टरांवर टाकून मोकळी झाले होते. मी म्हटलं, "तुझ्याकडे तेवढं एकच होतं दादा, गुरुजींना दाखवायला. ते मी कसं काढून घेणार?"

"मग दाजींना कशाला दिलं?"

मी म्हटलं, "चुकलं माझं." मोठ्या भावाला हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. तो खाटेवर थोडा सरकला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

मग मिस्टरांनी खाकरून सुरुवात केली. "दादा, तसं बघितलं तर एका ठिकाणी तो डाव्या हाताने लढतो. जिन्यावर तलवार पडते ना, ती तो डाव्या हाताने उचलतो आणि दोन वार करतो. नीट बघितलं तर दिसतं."

दादाने त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "असं काय नाय त्या सिनेमात. अकरा येळा पाह्यलाय मी."

"माहीत आहे मला," मिस्टर म्हणाले.

"मग कशापायी सांगताय?"

"मग काय सांगू? या तुम्ही लग्नाला. माझ्याने पंगतीत तसं बोलायला नको होतं."

तुझी आई मिस्टरांच्या हातातून रिकामा तांब्या काढून घेत होती, आणि ते तो सोडत नव्हते. शेवटी दादा तिला म्हणाला, "चहा टाक. साखर कमी, दाजींना शुगर हाय." पत्रिका उचलून त्याने देवासमोर ठेवली.

आता लग्नाचं सांगते, तू हवी होतीस ते बघायला. अंतरपाट धरला, दादा फेटा बांधून धाकटीच्या मागे उभा राहिला, तलवार डाव्या हातात. गुरुजींनी लगेच टोकलं, "मामा, शुभकार्य आहे, उजव्या हातात घ्या." दादा काही बोलायच्या आत मिस्टर पलीकडून म्हणाले, "राहू द्या गुरुजी. माझं ठरलंय त्यांच्याशी." काय ठरलंय, कधी ठरलंय, कुणी विचारलं नाही. गुरुजींना पुढे दुसऱ्या हॉलवर जायचं होतं, त्यांनी सुरुवात केली. अक्षता टाकायच्या सोडून मी दादाकडेच बघत होते. शेवटपर्यंत हात हलला नाही त्याचा. दोन अक्षता मिशीत अडकल्या होत्या, तशाच.

लग्नानंतर दादा चार दिवस आमच्याकडे राहिला. जावयाने कुठून तरी तो सिनेमा शोधला आणि टीव्हीवर लावला. दादाने आयुष्यात पहिल्यांदा तो पुढून पाहिला. मिस्टर शेजारी बसले होते, एक अक्षर बोलले नाहीत, ह्याचं मला अजून नवल वाटतं. सिनेमा संपल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

दादा म्हणाला, "पुढून लय साधा दिसतो."

आता दर रविवारी सकाळी दोघांचा फोन असतो. परवा त्या घोड्यावरून वाद चालला होता. तुझे बाबा या महिन्यात पुन्हा यायचे म्हणताहेत. तूही ये. कुर्डया घालायच्या आहेत, गव्हाचा चीक गरम गरम खायला मिळेल, तो काही तुझ्या शहरात मिळत नाही. सुट्टीचं कारण सांगू नकोस. नाशिकला द्वारका चौकात उतरलीस की फोन कर, मिस्टर स्कूटर घेऊन येतील. लवकर ये ग.