वन्संनी राखलेला पलंग

मंगळवार, ६ फेब्रुवारी. सकाळी धुकं, नऊनंतर चांगलं ऊन. नेहमीप्रमाणे पावणेआठला वन्संबरोबर निघाले. बाराच्या बारा पलंग भरलेले. चादरी अकरा धुतल्या, उशीचे अभ्रे नऊ. खिडकीजवळच्या पलंगावरच्या किल्लीवाल्यांच्या गाठोड्याची गाठ सोडून आतले कपडेही धुतले. गाठोड्यात: दोन शर्ट, एक शाल, एक कानस, किल्ल्यांचा जुडगा, एक गोल डबी. कपडे वाळल्यावर घड्या घालून गाठोडं पुन्हा नीट बांधून ठेवलं. चार वाजता चहाच्या वेळी किल्लीवाले जागेवर नव्हते. गाठोडंही नव्हतं. चूक माझी.

शेवटचे दोन शब्द माझ्या डायरीत फारसे सापडायचे नाहीत. अकराव्या वर्षी शाळेतल्या मदरनी पहिली वही हातात दिली, तेव्हापासून रोज लिहिते आहे. आता शहात्तर पूर्ण झाली. पण इथे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल नाही, माझ्या नणंदेबद्दल.

वन्सं माझ्या यजमानांची धाकटी बहीण. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण नणंद ती नणंद. लग्नाच्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला वहिनी म्हणतात. हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात आम्ही दोघीच. वन्संनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायच्या, "वॉर्डात चाळीस पुरुष सांभाळते. आणखी एक कशाला?"

मोठ्या सरकारी दवाखान्यात त्या छत्तीस वर्षं नर्स होत्या, बहुतेक काळ शस्त्रक्रियेच्या वॉर्डात. एका शुक्रवारी एका हमालाला पोटाचे टाके घालून घरी सोडलं. मंगळवारी तो टाके उसवून परत आला. त्या दिवशी वन्सं त्याचा कागद घेऊन घरी आल्या आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "दादा, वाच. काय लिहिलंय?"

ह्यांनी वाचलं, "घरी दोन आठवडे संपूर्ण विश्रांती."

"मी त्याला विचारलं, घर कुठं तुझं? तर म्हणाला, सिस्टर, तुमच्या फाटकाबाहेर पडलं की डावीकडे, भिंतीला लागून."

हे चष्मा काढून पुसत राहिले. वन्संनी मात्र ते वाक्य सोडलं नाही. निवृत्त झाल्या, आणि चार महिन्यांत बंद पडलेल्या एका छापखान्याच्या दोन खोल्या मिळवून त्यात बारा पलंग टाकले. दवाखान्याच्या हिशेबी बरे झालेले, पण रस्त्यावर झोपण्याइतके बरे न झालेले लोक तिथे येतात. जखम भरेपर्यंत, हाड जुळेपर्यंत, अंगात ताकद येईपर्यंत राहतात. याला चौदा वर्षं झाली. फरशीवर छापखान्याच्या शाईचे डाग अजून आहेत. नवीन येणारा प्रत्येक स्वयंसेवक पहिल्या दिवशी ते घासून पाहतो. मीही पाहिले होते.

वन्संचा एक नियम आहे. नव्या माणसाला तो त्या दारातच सांगतात: "जखमेला हात लावायचा तर मला विचारायचं. गाठोड्याला हात लावायचा तर त्याला विचारायचं." मी तो किमान वीस वेळा ऐकला होता. पण त्या गाठोड्याला वास येत होता, ऊन चांगलं होतं, आणि किल्लीवाले आंघोळीला गेले होते. मला वाटलं, परत येतील आणि स्वच्छ कपडे पाहून खूश होतील. आमच्या शाळेत स्वच्छतेला पैकीच्या पैकी मार्क असायचे, ते मला नेहमीच मिळायचे. त्याचा हा परिणाम.

किल्लीवाल्यांचं खरं नाव रजिस्टरात होतं, पण त्यांना कुणी त्या नावाने हाक मारत नसे. साठीचे असतील. फुटपाथवर बसून किल्ल्या करून देत. साखरेच्या आजाराने उजव्या तळपायाला जखम झाली होती, ती आता कुठे भरत आली होती. सोमवारीच डॉक्टर म्हणाले होते, "तीन आठवडे रोज ड्रेसिंग. मध्ये चिघळली तर मात्र पाऊल कापावं लागेल." हे त्यांच्यासमोरच म्हणाले होते. तरीही ते गेले.

चहाचा ट्रे घेऊन उभे राहिलेले कंडक्टर सगळ्यांत आधी बोलले. हे कंडक्टर म्हणजे खरोखरच बसचे निवृत्त कंडक्टर. बायकोच्या आजारपणात इथे पाय लागला, तो पुन्हा निघाला नाही. चहा वाटतानाही त्यांच्या तोंडून "पुढे सरका, पुढे सरका" निघतं. ते म्हणाले, "सिस्टर, गाठोड्याची गाठ कुणी बदलली? सकाळी वेगळी होती."

मी सांगितलं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तो माणूस दुसऱ्यांची कुलपं उघडून जगला. त्याच्यापाशी स्वतःचं कुलूप एकच होतं, ती गाठ."

लगेच त्यांनी पदर खोचला आणि कामाला लागल्या. त्यांचा हिशेब असा: एका पायात आपण कापून सैल करून दिलेलं सँडल, म्हणजे किल्लीवाले फार लांब जाणार नाहीत. पाय वर घेऊन बसायला पायरी हवी, जवळ पाणी हवं, चहा हवा. कंडक्टरांनी जुन्या ओळखीच्या चहावाल्यांना निरोप धाडले. बुधवारी साडेअकराला पत्ता लागला: स्टेशनासमोर, पादचारी पुलाच्या जिन्याखाली.

मला वाटलं होतं, आता वन्सं त्यांना समजावून गाडीत घालून आणतील. त्यांनी ड्रेसिंगचा ट्रे घेतला, साखर तपासायचं यंत्र घेतलं, बुटकं स्टूल घेतलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही वाटी धरायची. तोंड उघडायचं नाही."

जिन्याखाली किल्लीवाले गाठोड्यावर हात ठेवून बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी मान फिरवली. वन्संनी स्टूल मांडलं, हातमोजे चढवले आणि वॉर्डात म्हणतात तशा म्हणाल्या, "ड्रेसिंगची वेळ झाली."

"इथं?"

"तुम्ही इथं आहात ना? मग इथंच."

"मी येणार नाही."

"मी या म्हटलं का? पाय पुढे घ्या."

त्यांनी पाय पुढे घेतला. वरून माणसं धडधडत जिना उतरत होती, काही वाकून बघत होती. एकाने मोबाइल काढला. कंडक्टर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, "तिकीट काढलंय का? नाही ना? मग पुढे सरका." वन्संनी जखम धुतली, पट्टी बांधली, साखरेची सुई दिली, जेवणाचा डबा ठेवला. आणि आम्ही परत आलो. एवढंच.

असं आम्ही पाच दिवस केलं. आता पलंगाबद्दल सांगते. दवाखान्यातून रोज सकाळी फोन येतो, "सिस्टर, एखादी जागा आहे का?" वन्सं म्हणत, "पलंग भरलेला आहे." किल्लीवाल्यांच्या पलंगावर कंडक्टरांनी स्वतःचा रुमाल पसरून ठेवला होता. "बसमध्ये आयुष्यभर रुमालावरून भांडणं सोडवली," ते म्हणाले, "आज पहिल्यांदा स्वतः रुमाल टाकला." गुरुवारी एक पाय मोडलेला माणूस खरोखरच अडला होता, तेव्हा वन्संनी ऑफिसातली स्वतःची कॉट त्याला दिली. बहात्तराव्या वर्षी दुपारच्या अर्ध्या तासाला ही बाई दोन खुर्च्या जोडून पाठ टेकत होती. त्याबद्दल एक अक्षर नाही. मी बोलायला गेले तर म्हणाल्या, "उशी तेवढी द्या."

शुक्रवारी किल्लीवाले पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "ती गाठ ह्या बाईंनी मारली होती का?"

मी वन्संकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "हो. माझी चूक झाली. विचारायला हवं होतं."

"शाळेत शिकलात ती गाठ?"

"हो."

"दिसायला छान आहे. पण ओढली की सुटते."

"सुटावी म्हणूनच मारतात ती."

"माझी सुटत नाही." मग त्यांनी विचारलं, "आत काय बघितलंत?"

मी डायरीत लिहिलं होतं त्याच क्रमाने सांगितलं, "दोन शर्ट, एक शाल, एक कानस, किल्ल्यांचा जुडगा, एक गोल डबी. डबी उघडली नाही."

"का नाही उघडली?"

खोटं बोलायची सवय नाही. म्हटलं, "झाकण घट्ट बसलं होतं."

कंडक्टर आधी हसले. मग वन्सं, पट्टी गुंडाळता गुंडाळता. किल्लीवाले हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या.

"त्यात आईचे कानातले आहेत," ते म्हणाले. "खोटेच आहेत. पण तिचे आहेत."

त्या दिवशी येतील असं मला वाटलं होतं. शनिवारीही वाटलं. आले नाहीत. रविवारी वन्संनी पट्टी सोडली आणि त्यांचे हात क्षणभर थांबले. जखमेची एक कड लाल झाली होती. मी त्यांना छप्पन्न वर्षं ओळखते. ते थांबणं मला कळलं.

त्यांनी काम पूर्ण केलं, हातमोजे काढले आणि स्टूल किल्लीवाल्यांच्या अगदी जवळ ओढून बसल्या. "नीट ऐका. आज कड लाल आहे. धुळीत राहिलात तर ताप येईल, आणि ताप आला तर पाऊल जाईल. हे तुम्हाला सांगणं माझं काम. यायचं की नाही, हे तुमचं. पलंग मी सात दिवस राखते. उद्याचा सहावा."

"कुणाच्या हुकमावरून राखलात?"

"माझ्या."

परतताना मी म्हटलं, "वन्सं, दोघांनी धरून आणलं असतं तर?"

"धरून आणलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, वहिनी. आणि मग ड्रेसिंगलाही पाय पुढे करत नाही." त्या रात्री त्या जेवल्या, पण दुसरी पोळी तशीच ठेवली. वहीत मी तेही लिहिलं आहे.

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं. दारात किल्लीवाले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात गाठोडं. स्टेशनापासून धडधाकट माणसालाही चालत अर्धा तास लागतो. ते टाच टेकवत, बसत-उठत आले होते. कंडक्टरांनी पलंगावरचा रुमाल उचलून झटकला आणि म्हणाले, "या. खिडकीची जागा आहे."

वन्संनी पाय हातात घेतला, डॉक्टरांना फोन लावला, औषध बदललं. मी चादरी गोळा करत होते. पलंगापाशी आले तशी किल्लीवाल्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं. ती गाठ सोडायला त्यांना पुरती दोन मिनिटं लागली. दोन शर्ट आणि शाल काढून माझ्या हातात दिली.

"वहिनी, हे धुवायचेत," ते म्हणाले. "बाकीचं इथंच राहू दे."

मी म्हटलं, "बरं." शर्ट आणि शाल घेऊन नळाकडे गेले.

तीन आठवड्यांचे चार झाले, पण लाली ओसरली आणि जखम कडांकडून आत भरत आली. या चौदा वर्षांत त्या दोन खोल्यांतून नऊशे चाळीस माणसं आपापल्या पायांनी, किंवा निदान कुबड्यांवर, बाहेर पडली. हा आकडा मला माहीत आहे कारण रजिस्टर मी ठेवते. वन्संना विचारा, त्या म्हणतील, "असतील काही." दवाखान्याच्या एका समारंभात त्यांना शाल द्यायची ठरली होती. त्या गेल्याच नाहीत, त्या दिवशी कुणाचे तरी टाके काढायचे होते. शाल मग घरी आणून दिली. ती आता खिडकीजवळच्या पलंगावर जादा पांघरूण म्हणून आहे. माझ्या माहेरचे लोक अजून विचारतात, "तुझी नणंद काय करते गं?" पूर्वी मी सांगायची, नर्स होती. आता सांगते, बसा, वेळ असेल तर सांगते.

एक गोष्ट राहिली. हे गेल्यापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटाची किल्ली सापडत नव्हती. कुलूप तोडायला मन होत नव्हतं. ही गोष्ट वन्सं कधीतरी ड्रेसिंग करताना बोलून गेल्या असाव्यात. डॉक्टरांनी शेवटची पट्टी काढली आणि म्हणाले, "जिना चढून बघा, हळूहळू." तर किल्लीवाल्यांनी सरळ वन्संना विचारलं, "तुमचं घर कितव्या मजल्यावर?"

आमच्या जिन्याला अडतीस पायऱ्या आहेत. वन्सं त्यांच्या मागे एक पायरी सोडून, दोन्ही हात थोडे पुढे धरून चढत होत्या आणि मोठ्याने मोजत होत्या. शेजारच्या काकू दार उघडून बघत राहिल्या. अडतीस म्हटल्यावर किल्लीवाले वळून म्हणाले, "सिस्टर, दम तुम्हाला लागलाय."

"गप्प बसा आणि पाय दाखवा," वन्सं म्हणाल्या. त्यांनी तिथेच, आमच्या उंबऱ्यात बसून तळपाय उलटसुलट पाहिला. कोरडा होता. त्यांनी तो हलकेच खाली ठेवला आणि पदराने कपाळ पुसलं. मला वाटलं घाम असेल.

सोमवार, ११ मार्च. ऊन कडक. स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, किल्लीवाल्यांनी नव्या दोन किल्ल्या केल्या, एक माझ्याकडे, दुसरी वन्संकडे. आत सहा पितळी वाट्या, एक किसणी, ह्यांचा चष्म्याचा जुना डबा. मुंग्या नाहीत.