टीपकाकूंची ओली जागा

टीपकाकूंचं खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं छापून यायचं. बाकी सगळ्या गल्लीला त्या टीपकाकू. उसवलेली शिवण, तुटलेली चेन, लांब झालेली पँट, अंगाला होईनासा झालेला कोट, असली सगळी दुरुस्ती त्या करायच्या. कुणी काहीही घेऊन आलं की चष्मा नाकावर सरकवून बघायच्या आणि म्हणायच्या, "एक टीप मारली की झालं." मग ते काम एका टिपेचं असो नाहीतर अख्ख्या दिवसाचं.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीवर दोऱ्याच्या रिळांची फळी. मागच्या खोलीत चूल नि पलंग. मागचं दार उघडलं की चार चादरी वाळत घालता येतील एवढं परसदार. या परसदाराने काकूंच्या नाकी नऊ आणले होते. भिंतीपलीकडे लाँड्री होती आणि लाँड्रीची टाकी नेमकी त्याच भिंतीला टेकलेली. टाकी बारमाही झिरपायची. भिंतीला शेवाळ, जमिनीला चिखल, पायरीवर गोगलगायी. काकूंनी गुलाब लावला, तो कुजला. मिरच्या लावल्या, त्या मुळापासून सडल्या. वाळत घातलेला कपडा दोरीवरून खाली पडला की पुन्हा धुवावाच लागे. नवरा होता तोवर तो लाँड्रीवाल्याला सांगून थकला. तो गेल्यावर ते काम काकूंकडे आलं. लाँड्रीवाला माणूस वाईट नव्हता, पण पालथ्या घड्यावर पाणी. "या आठवड्यात बघतोच काकू," म्हणायचा, आणि तो आठवडा काही उजाडायचा नाही.

अशात वन्सं राहायला आल्या. वन्सं म्हणजे काकूंच्या नवऱ्याची थोरली बहीण. इस्पितळात हेड नर्स होत्या. लग्न केलं नाही, आयुष्य क्वार्टरमध्ये काढलं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि भावाचं घर सोडून दुसरं घर नव्हतं. दोघींचं आधीपासून फारसं सख्य नव्हतं. भांडण म्हणावं असंही काही नव्हतं. वन्संना दुसऱ्याने केलेलं काही पटत नसे आणि काकूंना कुणी शिकवलेलं खपत नसे, एवढंच.

वन्संनी दोन ट्रंका आणल्या, आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेला एक गड्डा.

"हे काय, लसणाची पात?" काकूंनी विचारलं.

"आयरिस आहे, फुलझाड. क्वार्टरमागे नळाचं पाणी साचायचं तिथे होतं. याला पाय ओले लागतात. तुझ्याकडे चिखलाला तोटा नाही म्हणून आणलं."

स्वतःच्या चिखलाची अशी स्तुती काकूंनी पहिल्यांदाच ऐकली. वन्संचा गुडघा धरलेला, त्यांना खाली बसता येईना. म्हणून काकूंनीच खड्डा खणला आणि बटाटा पुरावा तसा गड्डा खोल पुरून वर माती थोपटली. वन्सं दारात येऊन बघतात तर सगळं जमिनीखाली.

"पुरलंस की काय त्याला? अगं, मेल्यावर पुरतात! पाठ वर दिसली पाहिजे त्याची."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मूग गिळून त्यांनी गड्डा उकरला आणि वर लावला.

पहिल्या वर्षी नुसती पानं आली, हिरव्या पंख्यासारखी. "एवढ्या पाण्यावर गवतही येतं," काकू म्हणाल्या. वन्सं म्हणाल्या, "नव्या घरात आलंय, रुळू दे." दुसऱ्या वर्षी थंडी सरल्यावर पानांच्या मधून एक दांडा वर आला, टोकाला भिजलेल्या छत्रीसारखी घट्ट मिटलेली कळी. एका सकाळी काकू दूध तापत ठेवून दार उघडायला गेल्या आणि दूध उतू जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. फूल तळहाताएवढं होतं. जांभळं, आणि पाकळीच्या मुळाशी पिवळी रेघ. पुढच्या खोलीत येऊन त्यांनी सगळी रिळं धुंडाळली. त्या जांभळ्याच्या जवळ जाणारा एकही दोरा त्यांच्याकडे नव्हता.

त्या दिवसापासून आयरिस वन्संचं राहिलं नाही. सुकलेली पानं काढायची तर काकूंनी, गोगलगायी वेचायच्या तर काकूंनी. एकदा हातमोजे न घालता दांडे कापले तर बोटांना अशी खाज सुटली की दिवसभर सुई धरता येईना. वन्संनी मलम चोळलं आणि चोळता चोळता ऐकवायचं तेही ऐकवून घेतलं. दोन-चार वर्षांत भिंतीलगत जांभळी रांगच झाली. गिऱ्हाइकं कपडे द्यायला यायची आणि मागे डोकावून जायची.

आणि मग लाँड्रीवाल्याने टाकी बदलली.

तो स्वतः सांगायला आला, मिठाई दिल्यासारखा चेहरा करून. "काकू, नवीन टाकी बसवली! आता एक थेंब येणार नाही. इतकी वर्षं सांगत होतात, शेवटी केलंच बघा."

"फार बरं केलंत," काकू म्हणाल्या. दुसरं म्हणणार काय?

पंधरवड्यात भिंत वाळली, शेवाळ पापुद्र्यासारखं सुटलं. उन्हाळा तोंडावर होता. पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली. काकू रोज बादल्या ओतायच्या आणि जमीन घटाघटा पिऊन पुन्हा कोरडी. कंबर धरली.

"जा आता," वन्सं म्हणाल्या, "सांग त्याला, टाकी फोड म्हणावं."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय वन्सं. कुठल्या तोंडाने सांगू? माझ्याच कटकटीने केलं त्याने."

वन्संनी रिकाम्या बादलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पाणी ओतून काय होणार? ते धरून ठेवायला खाली काहीतरी पाहिजे. आम्ही पेशंटच्या गादीवर घालायचो तसं रबरी कापड."

काकूंकडे पुढच्या दारावरच्या छपरासाठी घेतलेली जुनी ताडपत्री होती. तिचे दोन तुकडे जोडून त्यांनी मशीनवर दुहेरी टीप मारली. वन्सं म्हणाल्या, "सुईच्या भोकांतून गळेल." काकू म्हणाल्या, "थोडं गळायलाच हवं. नाहीतर डबक्याचा वास सुटेल." यावर वन्संनी चक्क मान डोलावली. घरात त्यांनी काकूंचं एखादं म्हणणं मान्य केल्याची ती पहिली वेळ असावी.

मग खणणं. वन्सं स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या, काकू गुडघ्याएवढ्या खड्ड्यात. सगळे गड्डे काढून ओल्या चादरीखाली ठेवले, खड्ड्यात ताडपत्री पसरली, वर माती आणि कुजलेला पाला.

"पोट उघडलंय," वन्सं म्हणाल्या, "आता टाके घालायला तूच."

"भूल कुणाला दिलीय? मला दिली असती तर बरं झालं असतं." काकू कंबरेवर हात ठेवून हसत सुटल्या, आणि वन्सं हसल्या तसं त्यांचं स्टूल एका बाजूला कललं.

गड्डे वेगळे करताना ब्रेडची सुरी वापरावी लागली. पानं अर्धी छाटली आणि सगळं पुन्हा लावलं. छपराची पन्हळ वळवून खड्ड्याकडे आणली. भाजी धुतलेलं पाणी तिथेच जायला लागलं. लाँड्रीवाला भिंतीवरून बघत होता.

"काकू, आधी ओल आहे म्हणून माझ्याशी भांडायचात, आणि आता स्वतःच ओल करताय?"

"तेव्हा ओल तुमची होती," काकू म्हणाल्या, "ही माझी आहे."

सगळे गड्डे काही जगले नाहीत. जवळजवळ निम्मे उन्हाळ्यात गेले. काढून बघितले तर आतून मऊ लगदा. उरलेल्यांनी हळूहळू नवी पानं काढली.

पुढच्या हंगामात, दांडे वर येत असताना, वन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तेही त्यांच्याच जुन्या इस्पितळात. आयुष्यभर दुसऱ्यांना पडून राहा म्हणून दटावणाऱ्या वन्सं पेशंट म्हणून भयंकर निघाल्या. सलाईन कशी लावावी ते नर्सना शिकवायच्या. चादरीची घडी चुकली म्हणून पुन्हा घालायला लावायच्या. काकू भेटायला गेल्या की नर्स दारातच म्हणायच्या, "आलात? घेऊन जा त्यांना लवकर."

त्या वर्षी तीनच कळ्या आल्या होत्या. कापायला काकूंचा हात धजत नव्हता. ज्या सकाळी पहिल्या कळीच्या टोकाला जांभळा रंग फुटला, त्या सकाळी मात्र त्यांनी हातमोजे घातले, दांडा कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि बस पकडली.

"कापलीस?" वन्सं ओरडल्याच. "तीन आल्या म्हणत होतीस ना? अक्कल गहाण टाकलीस का?"

"दोन आहेत अजून. तुम्ही येईपर्यंत राहायच्या नाहीत, म्हणून आणली."

वन्संनी कळीकडे बघितलं, मग खिडकीकडे. शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास पुढे सरकवत म्हणाल्या, "तिरका काप दे देठाला. आणि उन्हात ठेवू नकोस."

ती दुसऱ्या दिवशी उमलली. वॉर्डातल्या बायका बघायला आल्या, आणि वन्सं प्रत्येकीला सांगत होत्या, "आमच्या घरचं आहे. माझ्या भावजयीने लावलंय."

हे काकूंना एका नर्सने सांगितलं. वन्सं स्वतः त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. घरी आल्या तेव्हा राहिलेली दोन्ही फुलं केव्हाच सुकून गेली होती. वन्सं काठी टेकत मागच्या दारापर्यंत गेल्या, पायरी एकट्या उतरल्या आणि स्टुलावर बसून पाठीमागे उभ्या काकूंना म्हणाल्या, "गवत फार माजलंय इथे. उद्या दोघी मिळून काढू."