अकोटच्या जिनातला शेवटचा पट्टा

अकोटच्या कापसाच्या जिनातलं वाफेचं इंजिन बंद झालं होतं, तरी हंगामाच्या मुहूर्ताला खुशालराव धुतलेला सदरा घालून आला आणि आधी थंड इंजिनघरालाच हात जोडून आत गेला.

सगळा गाव त्याला ड्रायव्हर म्हणायचा. त्याचं काम दिसायला सोपं, चाक फिरवून वाफ सोडायची. पण कापसातून सरकी वेगळी करणारे ते जुने रेचे एकदम अंगावर आले की इंजिन दबायचं आणि नेमक्या त्या क्षणी खुशालराव वाफ वाढवायचा. गायकाचा श्वास ओळखून सूर भरणारा पेटीवाला असतो ना, तसा.

अठ्ठावन्न साली मालक भगवंतरावांनी विजेची मोटर आणली. रेचे तेच, त्यांना फिरवणारा लांब दांडा तोच, फक्त मागची ताकद नवी. अमरावतीहून मोटर बसवायला आलेला तरुण इंजिनिअर गोपाळकृष्ण म्हणाला, हिला ड्रायव्हर लागत नाही. मुहूर्त तुझ्या हातून होऊ दे, पुढचं पाहू, एवढंच मालक खुशालरावाला म्हणाले.

त्या जिनाची एक रीत होती. मुहूर्ताचा भोंगा झाला की सगळ्यांनी आपापल्या रेच्याचा पट्टा एकाच वेळी नुसत्या फिरणाऱ्या सैल चाकावरून रेचा ओढणाऱ्या घट्ट चाकावर सरकवायचा. ज्याचा रेचा मागे राहील, त्याचा हंगाम मागे, असं सगळे मानायचे. वाफेवरचा भोंगा आता मुका, म्हणून खुशालरावानं पितळी घंटा टांगली होती. गोपाळकृष्णानं बजावलं होतं, मी हात करीन तेव्हाच. पण भटजींनी वेळ झाल्याची खूण केली, नारळ फुटला आणि खुशालरावाचा हात सवयीनं दोरीवर गेला.

सगळे पट्टे एकदम घट्ट चाकांवर सरकले. मोटर कण्हली, जळका वास सुटला, फ्यूज उडाला. भरल्या नाट्यगृहात ऐन प्रवेशाला दिवे जावेत, तशी शांतता.

बाहेर कापसाच्या गाड्या वेशीपर्यंत लागलेल्या. भगवंतराव खुर्चीवरून उठले नाहीत. "आणखी एकदा मोटर बसली तं गाड्या अकोल्याले लावतो अन् हे रेचे भंगारात. मंग ड्रायव्हर काय अन् मजूर काय, सारे घरी."

गोपाळकृष्णानं मोटरीवर हात ठेवून पाहिलं. मग खुशालरावाजवळ येऊन हळूच म्हणाला, "मी मोटर बघितली, तुमची रीत नाही बघितली. एकेक रेचा घ्यावा लागेल. कोणता जड, कोणता हलका, ते तुम्ही सांगा. मोटरीवरच्या भाराचा काटा मी बघतो."

एकेक म्हणजे कुणीतरी शेवटी. पट्टे सैल चाकावर परत आणताना कुजबुज वाढली. खुशालरावानं क्रम सांगितला आणि शेवटचं नाव घेतलं कोपऱ्यातल्या रेच्यावरच्या मैनाबाईचं.

"माहाच काहून मांगं?" तिनं पदर खोचला.

"तुहा रेचा जड चालते, बाई."

"जड तं मी बी हावो. पंगतीत मले कोणी मांगं नाही बसवत."

कुणी हसलं नाही. तिच्या घरात खाणारी तोंडं पाच आणि रेचा एक.

"पट्टा मी टाकतो," खुशालराव म्हणाला. "मांगं राह्याचं ते माह्या नावावर."

तो चपला काढून तिच्या रेच्याशी उभा राहिला. नवा फ्यूज बसला, मोटर सुरू झाली. गोपाळकृष्णाचा हात वर झाला की खुशालराव नाव पुकारायचा आणि एक पट्टा सरकायचा. प्रत्येक वेळी काटा उसळायचा, थरथरायचा, मग खाली बसायचा. मध्ये एकदा हात वर असूनही खुशालरावानं नाव घेतलं नाही. तळव्याखालची फरशी अजून अवघडलेली होती. गोपाळकृष्णानं त्याच्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. थोड्या वेळानं फरशीचा थरकाप निवला, मग तिथूनच खुशालरावानं मान हलवली.

शेवटी तोच उरला. त्यानं पट्टा ढकलला. दिवे मंदावले, दांडा अडल्यासारखा झाला, जुनं लाकूड करकरलं. मैनाबाईनं डोळे मिटले. आता नसलेलं वाफेचं चाक शोधत खुशालरावाचा हात हवेत गेला आणि तिथेच थांबला.

मग मोटरीचा सूर वर चढला आणि ठरला. रेच्याच्या तोंडून पहिली रुई सुटली. मैनाबाईनं डोळे उघडले आणि ओंजळभर कापूस आत लोटला.

भगवंतरावांनी बाहेरची पहिली गाडी आत घ्यायला सांगितली. जाता जाता मोटरीकडे हात करून ते म्हणाले, "खुशालराव, सकाळी लवकर येत जा. हिले तुह्याशिवाय कोण उठवीन?"

खुशालराव चपला शोधत होता. त्या रुईखाली झाकल्या गेल्या होत्या.