दाजींचे पाय

बुऱ्हाणपूरच्या मोटर स्टँडवर खंडव्याच्या गाड्या सोडायचं काम शालिग्रामकडे होतं. त्याने शिट्टी दिल्याशिवाय गाडी हलत नसे. मी साहित्य घेऊन बी.ए. झालो होतो आणि नोकरी नव्हती. सकाळी त्याच्याजवळ जाऊन बसायचो. तो वयाने बराच मोठा, पण आमची दोस्ती होती.

पहिली गाडी गिरधर चालवायचा. शालिग्रामच्या बहिणीचा, मथुराचा नवरा. आमच्याकडे बहिणीचा नवरा दिसला की त्याच्या पाया पडतात, मग तो वयाने लहान का असेना. शालिग्राम रोज भर स्टँडवर वाकायचा. लोकांना त्याचं कौतुक होतं. मलाही.

आमच्या प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या दिवाळीचा पाडवा. गाडी माणसांनी भरलेली. शालिग्राम वाकला आणि तसाच थांबला. गिरधरच्या डाव्या पायात उजवी चप्पल होती. पाय जागेवर ठरत नव्हते.

"दाजी, आज गाडी नका नेऊ."

"का? तुझी बहीण काही बोलली?"

"तुम्ही घेतलेली आहे."

"सणाची थोडी. पाया पडला ना? मग मार शिट्टी."

खिडकीतून एक म्हातारी म्हणाली, "सोड रे भाऊ. असीरगडचा घाट येईपर्यंत उतरंल त्याची."

गाडीत हसू पसरलं. मालकाचा मुनीम जवळ आला. "जावई माणूस आहे, शालिग्राम. चारचौघांत इज्जत नको काढू."

शालिग्रामने गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "कोणी मागितली तरी देऊ नको," म्हणाला आणि पोलीस चौकीकडे निघाला. मी मागोमाग गेलो.

हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. "तुझा कोण लागतो तो?"

"बहिणीचा नवरा."

हवालदाराने मान वर केली. "आजच प्यायला?"

"नाही. पावसाळ्यापासून चालू आहे."

"आणि तू गाडी सोडत होतास?"

शालिग्राम खाली पाहू लागला. "वाकलो की वास यायचा," तो म्हणाला. "रोज."

ते वाकणं मी रोज पाहत होतो.

हवालदाराने गिरधरला खाली उतरवलं, परवाना काढून घेतला. उशीर झाला म्हणून उतारू शालिग्रामलाच बोलत होते. चपला बदलायला गिरधर धुळीत बसला. जमेना. मग त्या हातात घेऊन अनवाणीच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सिंधीपुऱ्यात बहिणीकडे एकट्याने जायची शालिग्रामला हिंमत होईना. त्याने मला सोबत नेलं.

मथुराने दार उघडलं. "ये," एवढंच म्हणाली. पाट मांडलेला होता. गिरधर खाटेवर बसला होता, पूर्ण शुद्धीत. शालिग्राम सवयीने वाकला.

गिरधरने पाय वर ओढून गोधडीखाली घेतले.

"नको," तो म्हणाला. "आता या पायांकडे बघू नको."

शालिग्रामचे हात जमिनीवर तसेच राहिले. मथुरा निरांजन घेऊन उभी होती.

"भाऊ, वात विझंल. बैस."

तो पाटावर बसला. मान खालीच होती. कुंकू लावायला तिला त्याची हनुवटी धरून चेहरा वर करावा लागला.