एर्सिलियामावशीचं 'काही नाही'

इटलीतल्या मोलिझेच्या डोंगरातल्या आमच्या गावात एर्सिलियामावशीइतकी दुखणाईत बाई नाही आणि तिच्याइतकी ठणठणीतही कुणी नाही. एकेचाळीस वर्षं दर मंगळवारी ती डॉक्टर तांक्रेदींकडे जायची. दवाखान्यात नंबर-बिंबर काही नसतो. आत शिरताना विचारायचं, "शेवटचं कोण?" ज्याचा हात वर, त्याच्यामागे आपण. मावशी मात्र येईल त्याला पुढे सोडायची, गावभरच्या बातम्या ऐकायला नकोत का?

आत गेली की गुडघा, पित्त, कानातली शिट्टी, सगळं पुराण. डॉक्टर म्हणायचे, "भावजयीशी वाजलं वाटतं?" की बाई खुलली! एकदाच ती म्हणाली, "काही नाही हो, सहज आले." डॉक्टरांनी तडक शहरातल्या हॉस्पिटलात धाडलं. हार्ट अटॅक होता. ती बडबडतेय तोवर काळजी नाही, हे माझ्या औषधांच्या दुकानात येऊन त्यांनीच मला सांगितलं.

यंदा डॉक्टर निवृत्त झाले आणि लुदोविका नावाची तरुण डॉक्टरीण आली. मावशीने थयथयाट केला.

"त्या कालच्या पोरीला माझं 'काही नाही' काय कळणार गं? फुकट मरेन ना मी!"

हसत म्हणाली, पण खरंच घाबरली होती.

पहिल्याच मंगळवारी मी तिला ओढत नेलं. दारातूनच ती गुरगुरली, "शेवटचं कोण?"

कोपऱ्यातून हात वर झाला. बघते तर डॉक्टर तांक्रेदी! मांडीवर टोपी घेऊन बाकावर बसलेले.

"अगंबाई, तुम्ही? आता तुमची पण रांग?"

"मग! मलाही डॉक्टर लागतोच की."

"काय दुखतंय?"

"काही नाही हो. सहज आलो."

मावशीचं हसू मावळलं. सगळ्यांना ढकलत तिने आतलं दार उघडलं. "अहो डॉक्टरीणबाई, ह्यांना आधी घ्या! 'काही नाही' म्हणतायत, पण हा माणूस सहज कुठे जात नाही."

लुदोविकाने एकदा मावशीकडे बघितलं आणि मुकाट्याने डॉक्टरांना आत घेतलं. अर्ध्या तासात अँब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून डॉक्टर पुटपुटले, "एर्सिलियाबाई, तुमचा नंबर आला."

डोळे पुसत मावशी आत गेली, मी मागोमाग.

"तुम्हाला काय होतंय?" लुदोविकाने विचारलं.

"काही नाही."

पोरीने झटकन स्टेथोस्कोप उचलला.

"अगं थांब, थांब!" मावशी खुदकन हसली आणि खुर्चीत ऐसपैस बसली. "गुडघ्यापासून सांगते."